या नावाचे मूल संस्थेत नाही

आधी माझी बाजू सांगतो. अलिबागला एका दैनिकासाठी मी सव्वीस वर्षं जिल्ह्याच्या बातम्या दिल्या. खाडीपुलावर दिसणारी बाई, वाडीतला मुंजा — असलं काहीतरी दर वर्षी कुणी ना कुणी घेऊन यायचं. मी दोनच प्रश्न विचारायचो. तुम्ही स्वतः पाहिलंत का? आणि दुसऱ्या कुणी पाहिलं? तिसऱ्या प्रश्नाची वेळ कधी आली नाही. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो आहे. घडलं त्या क्रमाने लिहितो.

माझी बायको दत्तक आहे. तिला ते लहानपणापासून माहीत आहे, घरात लपवाछपवी नव्हती. तिचं नाव जनवत्सला. लोक ते दोनदा विचारून घेतात. आमच्या लग्नात एक मित्र म्हणाला होता, "बायको आहे की सरकारी योजना?" तिने तिथल्या तिथे उत्तर दिलं, "योजनाच आहे. लाभार्थी हे एकटेच." घरी सगळे तिला जनू म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी मुलाने आम्हाला परदेशी बोलावलं आणि त्या अर्जाला तिचा जन्मदाखला लागला. नगरपरिषदेत नोंद नाही. पेणजवळच्या तिच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत नाही. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये त्या वर्षाचं दप्तरच नाही. एका टेबलावरचा कारकून म्हणाला, "मॅडम, जन्म झाल्याचा काहीतरी पुरावा आणा."

"मी समोर उभी आहे ना."

"तसं नाही चालत हो, ताई."

आठ महिन्यांनी आम्हाला एकच कागद मिळाला — नोंद उपलब्ध नसल्याचा. गाडीत बसल्यावर जनूने तो घडी करून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाली, "अहो, दाखला राहू दे. मला एवढंच कळलं तरी पुरे... मला अनाथाश्रमात ठेवून गेल्यावर कुणी परत विचारायला आलं होतं का. एकदा तरी."

पन्नाशीच्या उंबरठ्यावर ती हे पहिल्यांदा बोलली.

कोर्टाच्या दत्तक हुकुमात तिचं नाव 'कु. शुभा, वय आठ महिने' असं आहे. ते संस्थेने ठेवलेलं. अलिबाग तालुक्यातली ती संस्था केव्हाच बंद पडली. फाइली सरकारजमा झाल्या. त्या सापडत नसल्याचं पत्र आलं. चौकशी करता करता कळलं, की तिथल्या जुन्या अधीक्षिका कमलताई दिवेआगरला भाच्याकडे राहतात. मी फोन केला. "शुभा नावाची तुमच्याकडची मुलगी भेटायला येते आहे," एवढंच सांगितलं. हे मुद्दाम नोंदवतो. जनवत्सला हे नाव मी फोनवर उच्चारलं नव्हतं.

डिसेंबरात सकाळीच निघालो. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवून दिघीला उतरलो आणि अकराच्या सुमारास सुपारीच्या वाडीतल्या त्या घरी पोचलो. कमलताई चौऱ्याऐंशीच्या, पाठ ताठ. त्यांनी हुकूम वाचला, चष्मा काढला आणि शाळामास्तरासारखा जनूचा उजवा कान धरून वाकवला.

"तीळ आहे. शुभाच ही. काय गं, ताटात भात ठेवायचीस, अजून ठेवतेस का?"

"तेव्हा मी आठ महिन्यांची होते, ताई."

"म्हणूनच विचारते. तेव्हाही भरवलेला भात थुंकायचीस."

हसणं झाल्यावर जनूने तिचा प्रश्न विचारला.

कमलताईंनी भाच्याकरवी एक पत्र्याची ट्रंक आणवली. तीत एक लांबट बांधीव वही होती. "बाकी सगळं सरकारने नेलं. ही चौकशीची वही कुणाला नको होती. आमचा नियम होता — मुलाबद्दल कुणी विचारायला आलं, तर सांगायचं काही नाही. पण आलं होतं हे लिहायचं. तारीख, कोण, कुणाबद्दल आणि शेरा." मग त्या जनूकडे न बघता म्हणाल्या, "शुभासाठी कुणी आलं नव्हतं, बाळ. मला पाठ आहे. खोटं कशाला सांगू?"

जनूने मान हलवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

समोर कागद असला की मी वाचतो. ती सवय आहे, त्यात हेतू नव्हता. वही ओली होऊन वाळलेली होती. दोन हजार वीसच्या वादळात या घराचे पत्रे उडाले, ट्रंकेत पाणी शिरलं. पानं जपून सोडवत होतो आणि एका ओळीवर थांबलो. 'कोणाबद्दल' या रकान्यात लिहिलं होतं : जनवत्सला. विचारणारीचं नाव नाही, अंगठा. शेरा : या नावाचे मूल संस्थेत नाही.

पुढच्या वर्षी तसंच. त्याच्या पुढच्याही. एकूण अकरा नोंदी, अकरा अंगठे, शेरा तोच.

"ही कोण?" मी विचारलं.

"ती होय! वेडी बाई. शिमग्याच्या आसपास यायची, पांढऱ्या कांद्याची माळ घेऊन. मी घ्यायची नाही, तर फाटकाला अडकवून जायची. दर वेळी एकच — 'माजी जनवत्सला बरी हाय ना?' मी म्हणायचे, अगं, या नावाचं मूल नाही गं आमच्याकडे. खरं तेच सांगितलं मी. 'न्हाय कशी? हाय,' म्हणायची आणि निघून जायची." कमलताई थांबल्या. "का? कोण ही जनवत्सला?"

"मी," जनू म्हणाली.

कमलताईंनी चष्मा पुन्हा लावला आणि वही स्वतःकडे वळवली.

नंतरच्या दहा नोंदींचं मला नवल नाही. नाव बाहेर फुटू शकतं. एवढ्याशा जिल्ह्यात काहीही फुटतं. अडचण पहिल्या नोंदीची आहे. तिच्यावरची तारीख, हुकुमाप्रमाणे मुलीचा ताबा सासू-सासऱ्यांना दिल्याच्या नऊ दिवस आधीची आहे. मी तिथूनच सासूबाईंना फोन लावला. त्या पेणजवळ गावीच असतात, कानाने चांगल्या आहेत.

"आई, जनूचं नाव कधी ठरलं?"

"बारशाच्या दिवशी. पोर घरी आनली, त्याच्या तिसऱ्या दिवशी."

"आधी काही ठरलं नव्हतं?"

"कुठलं ठरतंय! हे म्हनत माज्या आयचं नाव जना, मी म्हनं माज्या आयचं वत्सला. पालन्यात घालेपर्यंत भांडान चालू व्हतं. मंग आत्या वैतागली नि दोन्ही एकदम कानात बोलली — जनवत्सला. अख्खा मांडव हसला. का रं, आता काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो.

बारशाचा फोटो आमच्याकडे आहे. मागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख आहे. हिशेब बसतो. पहिल्या नोंदीनंतर बाराव्या दिवशी ते नाव जन्माला आलं.

वही मी तपासली. पानांना छापील क्रमांक आहेत, एकही सुटं नाही. त्या नोंदीच्या वर आणि खाली त्याच आठवड्यातल्या इतर मुलांच्या नोंदी आहेत. पानाच्या तळाशी तपासणी अधिकाऱ्याची सही आणि महिना आहे. वादळाच्या पाण्याचा डाग त्या ओळीवरून गेला आहे, शाई त्याच्यासोबत पसरली आहे.

"त्या दिवशी शुभा कुठे होती?" मी कमलताईंना विचारलं.

"कुठे म्हणजे? आतल्या खोलीत, पाळण्यात." त्यांचा आवाज बारीक झाला. "बाई बाकावर बसली होती. मध्ये भिंत होती फक्त."

जनू अकरा अंगठ्यांवरून एकेक करून बोट फिरवत होती. तिने मला तारखांबद्दल काही विचारलं नाही. कमलताईंना म्हणाली, "ताई, हा शेरा अकरा वेळा लिहिलाय तुम्ही. एकदा खोडाल?"

"वहीत खोडाखोड करायची नाही. मीच केलेला नियम आहे."

"बरं."

थोड्या वेळाने कमलताईंनी भाच्याकडे पेन मागितलं. वही मांडीवर घेतली, शेवटचं भरलेलं पान काढलं. आजची तारीख घातली. 'कोण' या रकान्यात 'स्वतः' लिहिलं. 'कोणाबद्दल' — जनवत्सला. शेऱ्यात लिहिलं : या नावाचे मूल संस्थेत होते. खाली पूर्ण सही केली आणि वही जनूच्या हातात दिली.

परतताना बोटीत ती वही मांडीवर धरून बसली होती. "अकरा वेळा," एवढंच म्हणाली.

दाखल्याचं काम अजून चालू आहे. आता वारसनोंदीसारखं प्रतिज्ञापत्र मागितलं आहे. जनू जाते, रांगेत उभी राहते, पूर्वीसारखी चिडत नाही. ती बाई कोण, हयात आहे का, शोध लागलेला नाही. अंगठ्याला पत्ता नसतो. मार्चमध्ये जनूने पांढऱ्या कांद्याची एक माळ आणली, ती आमच्या फाटकाला आहे. काढू देत नाही.

माझ्यापुरतं बोलायचं तर तारखा आहेत, कागद आहे, दुसरी साक्षीदारही आहे. बातमीला लागतं ते सगळं जवळ आहे. पण जे नाव अजून कुणी ठेवलंच नव्हतं, ते त्या बाकावर बसून तिने कसं घेतलं, हे मला आजही सांगता येत नाही.