शेवटच्या घरी आलं का?

अमावस्या, पिंपळ, पांढरी साडी शोधत असाल तर पुढची पोस्ट बघा. माझ्याकडं फक्त पाण्याची मोटर आहे, तीही सकाळी सातची. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आणि आता तर हे सांगायचाही कंटाळा आलाय. मी गावात सगळ्यांचे आवाज काढतो ना, मी तोंड उघडलं की लोक आधीच हसतात.

आमचं गाव कोल्हारच्या अलीकडं. पाणी सोडायचं काम रंगनाथ नानांचं. नाना वारले, मग मला – बीसीएस झालेला, रिकामटेकडा – पंपघरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवलं. मी एक प्रोग्राम लिहिला. तो मागं गुपचूप चालतो. सातला मोटर चालू, चाळीस मिनिटांनी बंद, आणि जे केलं त्याची लॉगमध्ये नोंद. रोजची एक फाईल. सातच ठेवतो, आठव्या दिवशी सगळ्यात जुनी आपोआप पुसली जाते. डिस्कच केवढीशी!

नाना घड्याळ बघत नसत. भोंग्यावरून विचारायचे, "शेवटच्या घरी आलं का ओऽऽ?" तिकडून "आलं" अशी हाक आली की मगच बंद. शेवटचं घर त्यांचंच. आता तिथं त्यांच्या मागं काकू एकट्या. गुडघे गेलेले, तरी हापशावरून हंडे आणायच्या. चाळीस मिनिटांत पाणी तिथवर पोचतच नव्हतं. त्यांनी तक्रार केली की मी नानांचा आवाज काढून हसवायचो अन् विषय संपवायचो.

मग तक्रार थांबली. कंटाळल्या असतील, म्हटलं.

एकदा सहज लॉग उघडला. मोटर बंद – सात बावन्न. आदल्या दिवशी सात एक्कावन्न. त्याआधी सात चोपन्न. सातही फाईलींत तसंच! प्रोग्राममध्ये मात्र चाळीसच. घड्याळ बरोबर, पंपघराची किल्ली माझ्या खिशात. प्रोग्राम अडकला असेल म्हणून बंद करून परत सुरू केला. दुसऱ्या दिवशी बरोब्बर सात चाळीस. मी घरी जाऊन पोहे खाल्ले.

आठवड्यानं काकू काठी टेकत पंपघरात आल्या.

"काय रं, रुसला का? आठ दिस झालं, पानी न्हाई."

"काकू, चाळीस मिनिटं सोडतो की."

"आन मंग मागं नानाचा आवाज काढून भोंग्यावर इचारायचास, ते? म्या 'आलं' म्हनल्याबिगर बंद करत न्हवतास."

भोंगा नानांनंतर कुणी जोडलेलाच नाही. वायर अजून खिळ्याला गुंडाळून टांगलेली. मी नुसतं बोट दाखवलं. "काकू... तो मी नव्हतो."

लॉग दाखवावा म्हटलं, तर त्या सातही फाईली एकेक करून पुसल्या गेलेल्या. कॉपी करायचं सुचलंच नव्हतं. काय झालं होतं, मला आजही सांगता येत नाही.

सात बावन्नची नोंद दिसली म्हणून मी प्रोग्राम बंद करून परत सुरू केला, तेवढं काकूंना सांगितलं. मग उखडल्या त्या माझ्यावरच.

"मंग त्याला बंद करायला तुला कुनी सांगितलं हुतं रं, मुडद्या? इतकं दिस त्यानं इचारलं! उद्या सकाळी भोंगा जोड. आन नानाचा आवाज काढू नको... तुझ्या तोंडानं इचार!"