वायर ढिली नव्हती

पाचूबंदरच्या मच्छीमार सोसायटीत दोन हजार तीनच्या सुमारास मी कॉम्प्युटर बसवून दिला. तेव्हा मी विरारला राहत होतो, मुंबईत नोकरी होती आणि सुटीच्या दिवशी हे काम हौसेने करत होतो. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा वायरने कॉम्प्युटरला जोडला होता. पापलेटची टोपली काट्यावर ठेवली की वजन पडद्यावर उमटे. त्या टेबलावर गावातल्याच एक बाई बसत. आधी त्या बर्फ फोडायच्या. त्यांच्या घरातून खुर्चीवर बसणाऱ्या त्या पहिल्याच.

काही महिन्यांनी मी कर्नेल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, पुन्हा बांधला. तो हलका व्हावा म्हणून काट्याच्या वायरचा ड्रायव्हर, म्हणजे ती वायर ओळखून चालवणारा प्रोग्राम, गाभ्यातून काढला आणि त्याचे मॉड्यूल, म्हणजे मागाहून चढणारा वेगळा तुकडा केला. गरज काहीच नव्हती, मला तसे करून बघायचे होते. त्यानंतर रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की काटा दिसेना.

"सर, वायर काढून परत लावली की चालतंय," बाई म्हणाल्या.

"काढू नका हो! तुम्ही ओढता म्हणूनच ती ढिली झालीय."

मी जाई तेव्हा कॉम्प्युटर सुरूच असे. मी वायर काढून घट्ट बसवी आणि काटा चाले. म्हणजे बाई करत तेच मी करत होतो. चेअरमनना मात्र सांगितले की ऑपरेटर निष्काळजी आहे. सभेच्या वहीत तसे लिहिले गेले. खुर्चीवर चेअरमनचा पुतण्या आला, बाई पुन्हा बर्फाकडे गेल्या.

नवी वायर आणली, तरी पुतण्याचीही तीच रड. शेवटी रजा काढून सकाळी गेलो आणि ही तक्रार सुरू झाल्यापासून पहिल्यांदा कॉम्प्युटर स्वतः सुरू केला. पडद्यावरच्या ओळी वाचल्या. माझे मॉड्यूल चढायच्या आत गाभ्यातल्या एका सर्वसाधारण ड्रायव्हरने वायर ताब्यात घेतली होती. बाजारात उशिरा पोचावे आणि आपल्या जागेवर दुसरीची टोपली असावी, तसे. वायर काढून लावली की जागा मोकळी होई आणि तोवर चढलेला खरा ड्रायव्हर ती घेई. बाईंचा उपाय अगदी बरोबर होता.

मी ड्रायव्हर परत गाभ्यात घातला. काटा चालला. बाहेर बाई बर्फ फोडत होत्या, ते ऐकू येत होते.

"काय झालं होतं?" चेअरमननी विचारले.

"जुनी वायर खराब होती," मी म्हणालो.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, बाईंच्या घरी जाऊन सगळे सांगितले. त्या सुके बोंबील निवडत होत्या. हात थांबला नाही.

"तवा मला कोनी विचारलंच नाही, सर. तुमीपन नाही."

"चुकलं माझं."

"मला सांगून काय? मला ठाऊकच होतं. त्या वहीत लिवा."

सोसायटीला पत्र दिले आहे. चेअरमन आता हयात नाहीत, आणि नव्या सेक्रेटरींना ती वही अजून सापडलेली नाही. येत्या सोमवारी मी स्वतः कपाट शोधायला जाणार आहे.