उंबऱ्याबाहेरची आशाताई

ती उंबऱ्याच्या आत कधी आली नाही. भूकंपात तिची आई दगडी घराखाली गेली. गाव नव्या जागी वसलं, घरं सिमेंटची झाली, तरी ती दारातच उभी राहायची. "छत तुमचं, आभाळ माझं. ऐका आता," म्हणायची.

आशाताईंचं काम तुम्ही पाहिलं असेल. लसीची तारीख सांगणं, गरोदर बायांची वही ठेवणं. ही मात्र तारीख खडूने दारावर लिहायची. जिला वाचता येत नाही तिच्या दारावर सूर्य काढायची, जितके दिवस उरले तितके. मी चौथी शिकलेली. "तुला चित्र कशाला? शिकलेली बाई हायस तू," म्हणाली की मी लाजायचे.

छातीतली गाठ मी फक्त तिला सांगितली. "भ्यायचं न्हाई. तपासणीची गाडी येनार हाय. सांगते," म्हणाली.

मग वरून हुकूम आला. निरोप फोनवरच द्यायचे आणि मेसेज पाठवल्याचा फोटो साहेबांना दाखवायचा. खडू बंद झाला. "फोटोत मेसेज दिसतोय, बाई कुठं दिसती?" ती चिडायची.

मी दिलेला नंबर लेकाचा होता. मालक गेल्यापासून घरात तेवढाच फोन, तोही लेकाबरोबर लातूरला. क्लासच्या होस्टेलात फोन कपाटात ठेवतात, रविवारी दुपारी हातात देतात.

गाडी गुरुवारी येऊन गेली. शुक्रवारी ती तावातावानं आली. "काल लाजलीस व्हय गं?"

"मला कुणी सांगितलं?"

तिनं वही उघडली. माझ्या नंबरावर बोट ठेवलं. "ह्यो तर तुझ्या लेकाचा," म्हणाली. मग चपला काढल्या आणि आत आली. गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं. डोळे छताकडे, माझा हात घट्ट धरलेला.

"सोमवारी माझ्यासंगं लातूरला यायचं. कुणी इचारलं तर म्हन, मावशीकडं चालले."

लातूरला ऑपरेशन करून गाठ काढली. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं आहे. तिला मात्र फोनचं काम जमेना म्हणून कामावरून काढलं. आता ती हदगावला, लेकीकडे असते.

नवी ताई तालुक्याला राहते, मेसेज पाठवते. माझ्या पुढच्या तपासणीची तारीख लेकाच्या फोनवरच येणार. रविवार यायच्या आत तारीख उलटली तर तपासणी चुकेल, रविवारी मेसेज हाती पडला तर लेक वाचेल. परीक्षा तोंडावर आलेल्या पोराला हे कसं सांगू?

आज मंगळवार. मी दार ओल्या फडक्यानं पुसून खडूसाठी कोरं ठेवलं आहे.