पलीकडच्यांचे मामा

हेमावती पोतदारांनी तीस वर्षांत मुलांसाठी सव्वीस पुस्तकं लिहिली, पण खरं सांगायचं तर एकही एकटीनं लिहिलं नाही. दर मे महिन्यात सप्तापुरातल्या त्यांच्या व्हरांड्यात मुलं जमत. बाई गोष्ट सुरू करत, मधेच मुद्दाम अडत आणि विचारत, पुढं काय झालं? मुलं ओरडून सांगत. पावसाळ्यात त्याचं पुस्तक होई. मुलांच्या तोंडचं कधी नाकारायचं नाही, हा बाईंचा नेम. नेम कसला, टाळ्यांची चटकच ती.

त्या वर्षी गोष्ट होती नदीच्या दोन काठांवरच्या गावांची, अलीकडं आणि पलीकडं. दोन्हीकडची पोरं एकमेकांचे आंबे चोरत. पलीकडच्या चंपीचा दात हलत होता. पडला की तो कौलांवर फेकायचा बेत होता. तेवढ्यात देशाच्या सरहद्दीवर खरीखुरी लढाई पेटली आणि घरोघरचे टीव्ही दिवसभर कोकलायला लागले. दुसऱ्या दिवशी बाईंनी पुढं काय झालं म्हणून विचारलं, तर पोरं एका सुरात म्हणाली, पलीकडच्या गावावर ड्रोन सोडा.

बाई थबकल्या, पण क्षणभरच. मग त्यांनी ड्रोन सोडला, तोंडानं आवाजही काढला आणि गाव उडवलं. एवढ्या टाळ्या त्यांना कधी मिळाल्या नव्हत्या. लाज वाटायची ती तेव्हा वाटली नाही. बाई चक्क हसत होत्या.

सगळी पांगल्यावर रायापूरहून येणारी दीपश्री चपला घालत रेंगाळली. सात वर्षांची, कधी तोंड न उघडणारी पोर.

"अज्जी, चंपीचा दात हलत होता की. पडला काय?"

बाईंना चंपीची आठवणच राहिली नव्हती. उद्या सांगते म्हणून त्यांनी वेळ मारून नेली, पण मग त्यांना अन्न गोड लागेना. ड्रोनचा नेम चुकला म्हणून सांगावं? टाळ्या घेऊन झाल्यावर? ते तर चोरी लपवणं झालं. टाळ्यांसाठी मुलं मारली मी, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. पद्मनाभराव म्हणाले, अगं, ती कुठं खरी होती? दीपश्रीला होती, असं म्हणून बाई ताटावरून उठल्या.

सकाळी दीपश्री सगळ्यांच्या आधी आली, तीही उत्तर घेऊनच.

"चंपी काल गावात नव्हतीच, अज्जी. मामाकडं गेली होती, कलघटगीला."

बाईंचे डोळे भरून आले. सुटले बाई एकदाची, असंही मनात येऊन गेलं. शहाणं गं माझं लेकरू, म्हणत त्या तिला जवळ घेणार, तोच ती म्हणाली, "बाकीच्यांचे मामा कुठं राहतात मला ठाऊक नाही. ते तुम्ही बघा."

ते पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही. प्रकाशकाचा फोन आला की बाई स्नानाला गेलेल्या असतात. वहीत पलीकडच्या चाळीस पोरांची नावं आहेत, त्यातल्या अकरा जणांना मामा मिळाले. बारावा हणमंत. त्याला मामाच नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी गोष्टीत सांगून ठेवलं होतं.