अजून एक रोडगा

तुळशीरामला धड बसलेला कुणी पाहिला असेल, तर त्यानं मला येऊन सांगावं. मी त्याला पोटभर कचोरी खाऊ घालीन. वरवट बकालात आमची घरं समोरासमोर आहेत, आम्ही एका वर्गात शिकलो, तरी मला काही हा योग आला नाही. चहा उभ्यानं, बिडी उभ्यानं, भांडण तर उभ्यानंच. त्याची बायको जयमाला म्हणते, "या माणसाच्या बुडाले इंगळ्या डसल्या काय, देवाले मालूम."

अशा माणसाला देवानं एक जागा मात्र बरोबर दिली. पंगत. आसपासच्या गावांत लग्न असो, तेरवी असो, नाहीतर भंडारा, वाढायला तुळशीराम हवाच. मजुरी घेत नाही, मानही मागत नाही. खांद्याला पंचा, हातात टोपलं, आणि गडी सुटला. आपल्याकडचा पाहुणा आधी 'नको'च म्हणतो. मग 'नको नको' म्हणत दोन्ही हातांनी पान झाकतो. तुळशीराम त्याची बोटं उचलून जिलेबी सोडतो. "तोंड नाही म्हणते, पोट थोडी म्हणते!" हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याच्या आग्रहाला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं लोक कौतुकानं सांगायचे.

याच माणसाला मोबाईलवर ड्रिफ्टिंगचं वेड लागलं. शेतात पाण्याच्या पंपाला लाईट यायची वाट पाहताना एकदा त्यानं जपानी गाडीचा व्हिडिओ पाहिला. टायरचा धूर काढत गाडी आडवी घसरत जाते आणि तरी वळण सोडत नाही. त्या दिवशी त्याच्या कांद्याला पाणी मिळालं नाही. मग रोजचंच झालं. केन्जी नावाचा एक ड्रायव्हर त्याचा देव. त्याच्या शर्यती तो माझ्या दुकानात येऊन मला दाखवायचा, गिऱ्हाईक उभं असलं तरी. मी वैतागायचो. चाळिशी उलटलेल्या बाप्याला हे शोभतं का?

आणि यंदा केन्जीच नांदुऱ्याला यायचा ठरला. त्याचा संघ नागपूरचा खेळ करून रस्त्यानं मुंबईला जाणार होता. आमच्या ओळखीचा रवी नांदुऱ्यात टायर विकतो. त्यानं काय खटपट केली कोण जाणे, पण कापसाच्या एका बंद जिनिंगच्या काँक्रीटच्या आवारात त्यांना दुपारपुरतं थांबायला राजी केलं. कार्यक्रम असा, की चाहत्यांनी भेटायचं, फोटो काढायचे, सह्या घ्यायच्या. शेवटी एका चाहत्याला शेजारच्या सीटवर बसवून केन्जी गाडी फिरवणार.

रवीनं तुळशीरामला फोन केला. "तुळशीरामभाऊ, पाहुण्याच्या जेवणाचं तुमी पाहा. शेजारची सीट तुमची. शब्द देतो."

त्यानंतर हा माणूस जमिनीवर नव्हता. दिवसातून दहा वेळा दुकानात यायचा, काउंटरवर बोटं वाजवायचा, निघून जायचा, परत यायचा. "भागवत, गाडी आडवी होते तवा आतून कसं वाटते, एवढंच मले पाहाचं आहे. एक फेरी. बाकी काही नको." मी थट्टा करायला तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा पाहून मिटलं. मुलीच्या लग्नातही त्याला इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं.

जेवण कसलं करायचं, यावर त्यानं विचारच केला नाही. रोडगे! गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे गोळे, फोडून त्यात तूप, वर वरण, बाजूला वांग्याची तिखट भाजी. आमच्याकडचा कष्टाचा गडी दोन रोडग्यांत गार होतो आणि झाडाखाली आडवा पडतो.

नांदुऱ्यात हीऽ गर्दी. पोरं पत्र्यावर चढलेली, ऊन डोक्यावर, आणि गावातले सगळे मानकरी शाली-नारळ घेऊन रांगेत. सत्कार संपता संपेनात. पुण्याहून आलेली पूनम नावाची दुभाषी मुलगी भाषणांचं जपानी करता करता घामाघूम झाली. तिला मंचावरून कुणी सोडीना, म्हणून केन्जी तिच्याशिवायच जेवायला बसला.

समोर साक्षात केन्जी! तुळशीरामनं पंचा कमरेला खोचला. त्यानं दोन रोडगे फोडले, तुपाची धार धरली. केन्जीनं हात जोडले, मान लववली आणि पान लख्ख केलं. वरणाचा थेंब ठेवला नाही. पान रिकामं दिसल्यावर वाढप्यानं काय करायचं? तुळशीरामनं तिसरा वाढला. पाहुण्यानं पान झाकलं नाही, आडवा हात केला नाही, उलट पुन्हा मान लववली. पान पुन्हा लख्ख. "पाह्य भागवत, असं जेवणारा माणूस पाहिला का कधी?" म्हणत त्यानं चौथा घातला. केन्जीच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, वांग्याचं तिखट असेल. तुळशीराम आनंदानं नुसता फुलला होता. त्यानं पाचवा फोडला.

मग मंचावरून तुळशीरामचं नाव पुकारलं आणि तो हेल्मेट घालून आवाराच्या कडेला उभा राहिला. रवी म्हणाला, आधी केन्जी एकटा एक फेरी मारेल, मग तुम्ही बसा. इंजिन गरजलं, पोरांनी शिट्ट्या मारल्या, गाडी आडवी झाली आणि अर्ध्या वळणात थांबली. दार उघडून केन्जी पोट धरून सरकीच्या गोदामामागे पळाला.

तो बराच वेळ आला नाही. दुसरा ड्रायव्हर दुसऱ्या गाडीसोबत पुढे गेलेला. शेवटी संघाच्या प्रमुखानं पूनमला सांगायला लावलं, की ड्रायव्हरला चक्कर येते आहे, आता गाडी फिरणार नाही.

गर्दी खवळली. "फसवलं बे!" "नाटकं करून राह्यले!" कुणीतरी बाटली भिरकावली. तेवढ्यात केन्जी स्वतःच भिंतीला धरून बाहेर आला, पांढराफटक, आणि सगळ्यांसमोर कमरेत वाकला. वाकलेलाच राहिला. तरी ओरडा थांबेना.

तुळशीरामनं हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं आणि मंचावर चढून माईक ओढला. "पाहुण्याले बोलू नका. त्याचं पोट म्या बिघडवलं. पाच रोडगे वाढले त्याले. तो काही बोलला नाही, म्या वाढतच गेलो."

अख्खं आवार हसलं. पत्र्यावरची पोरं टाळ्या पिटायला लागली. "पाच रोडगे! वा रे तुळशीराम!" राग गेला आणि रवीनं तर उरलेली एक शाल त्याच्या खांद्यावर टाकली. आग्रहाबद्दल सत्कार! मला इतका संताप आला की रवीचं टायरचं दुकान पेटवावंसं वाटलं.

निघताना केन्जीनं गाडीची काच खाली करून त्याला बोलावलं. पूनम म्हणाली, "काका, ते माफी मागतात. त्यांच्याकडे पानात अन्न टाकून उठणं वाईट समजतात. दुसऱ्या रोडग्यालाच पोट भरलं होतं. पण तुमचा चेहरा इतका आनंदी होता, की त्यांना नको म्हणवेना. परत आले तर पहिली फेरी तुमची."

तुळशीरामनं मान हलवली. शेवटचं वाक्य त्यानं ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

परतताना पूर्णेच्या पुलावर त्यानं माझी मोटारसायकल थांबवायला लावली.

"सीट गेली त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण भागवत, आजवर लोकं माह्या हातचं भुकेनं जेवले, का माह्या तोंडाकडं पाहून?"

"भुकेनंच बे."

"तू तं कायम पान झाकत होता."

खोटं बोलायची सवय दुकानदाराला असते, पण त्या वेळी तीही कामाला आली नाही. मी म्हणालो, "चल, जयमाला वाट पाहत असंन."

"हाव," तो म्हणाला. "मी घरी गेल्यावर रोज तिले वाढतो. नको म्हणते, तरी अर्धी भाकर जास्तीची टाकतोच. खाते बिचारी." मग त्यानं कठडा धरला. "ती तरी भुकेनं खाते का बे?"