कंगवेबाईंचा पट्टा

आमच्या सासूबाईंना सगळे सायकलवाले कंगवेबाई म्हणतात. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची? माघारी म्हणतात. जंगलातून जाणाऱ्या सायकलवाटेची देखभाल त्यांच्याकडे आहे. पूर्वी तिथून लाकडं वाहणारी छोटी आगगाडी चालायची. मग रूळ उखडले, बारीक खडी पसरली, दोन्ही टोकांना फाटकं बसवली आणि मोटारींना कायमची बंदी झाली. आता पार पलीकडच्या वस्तीपर्यंत सावलीतून जावं, मागून ना हॉर्न ना धूर. माझं शिवणकामाचं दुकान त्या टोकाला आहे, म्हणून मीही रोज तिथूनच जाते. गंमत म्हणजे, ज्या बाईने उभा जन्म या वाटेवर काढला तिला सायकल येत नाही. "मी चालवत बसले तर वाट कोण बघेल?" असं म्हणून त्या विषय संपवतात.

त्यांना कंगवेबाई का म्हणतात, तर दाताळ्यामुळे. रोज उजाडताच दोन्ही फाटकांच्या आतला खडीचा एकेक पट्टा त्या आडवा विंचरून ठेवतात. रेघा अशा सरळ, की नुकताच कुणी भांग पाडलाय असं वाटावं. पण हे नटवणं नव्हे. कुणी आत गेलं की त्या रेघांवर चाकाचा माग उठतो. वाटेवर धोक्याचं काम निघालं की आई, म्हणजे सासूबाई, दोन्ही पट्टे बघतात, आणि रेघा अभंग असतील तर वाट रिकामी आहे असं सांगतात. पुलाजवळ एक वाळलेलं झाड वाटेकडे कललं होतं, त्याच्याखालचा तुकडाही त्या विंचरायच्या, रात्रीतून किती काटक्या आणि सालपटं गळली ते कळावं म्हणून.

आणि या रेघांना बाईंचा जीव लागलेला. लग्न होऊन मी नवीनच या घरात आले होते तेव्हा एकदा ताज्या पट्ट्यावरून बिनदिक्कत सायकल नेली. संध्याकाळी जेवताना ऐकवलं, "परके तुडवतात ते तुडवतात. घरच्यांनी तरी माझ्या हातच्या कामाची किंमत ठेवावी." तेव्हापासून मी मुकाट्याने सायकल उचलते आणि कडेच्या गवतातून पलीकडे जाते. माझा नवरा तर लहानपणापासून तेच करत आला. आई तोवर दुसऱ्या फाटकाकडे निघालेल्या असतात, त्यामुळे त्यांनी आम्हाला कधी पाहिलंच नाही.

राहिले फक्त बाबा, म्हणजे माझे सासरे. कापडगिरणीत मागांच्या गोंगाटात कान गेले, पण स्वभाव लोण्यासारखा राहिला. त्यांच्या कानाला मशीन आहे, पण वाऱ्यात ते शिट्ट्या मारतं म्हणून सायकलवर जाताना काढून ठेवतात. रोज पुलापर्यंत जायचं, पाण्याकडे बघत बसायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा शौक. एके दिवशी आपल्याच तंद्रीत ते नेमके ताज्या रेघांवरून गेले. आई फाटकातच उभ्या होत्या. चार सायकलवाल्यांसमोर कडाडल्या, "कान तर गेलेच, आता डोळेही गेले का?"

बाबांनी ते ओठांवरून ओळखलं. रात्री अर्धी भाकरी तशीच ताटात राहिली. आई स्वयंपाकघरात गेल्यावर माझ्या नवऱ्याने त्यांना खुणेने समजावलं की सायकल खांद्यावर घ्यायची आणि गवतातून जायचं. बाबांनी मान डोलावली. एखादा नियम कळल्यावर शहाण्या पोराने डोलवावी तशी.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाला निघाले तेव्हा टेबलावर कानाचं मशीन दिसलं. कोपऱ्यात सायकल नव्हती, खुंटीवरची टोपीही नव्हती. यात नवं काही नव्हतं. वाटेत भेटलेच तर देऊ, म्हणून मी मशीन पिशवीत टाकलं.

फाटकाशी पोचले तर आडवा दांडा पडलेला, त्यावर लाल पाटी लटकलेली, आणि आतून यांत्रिक करवतीचा आवाज येत होता. आई दाताळं मांडीवर घेऊन दगडावर बसल्या होत्या. बाजूला झाडं तोडणाऱ्या टोळीच्या मुकादमाची गाडी उभी होती.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "ते कलतं झाड पाडतायत. परवा यायचे होते, पण रात्रीच्या वाऱ्याने ते आणखी झुकलं म्हणे. सकाळी मी त्या टोकाहून बाहेरच्या रस्त्याने परतले, तर अचानक फाटकात हजर."

"आणि बाबा?"

"त्यांचं काय?"

"ते निघालेत ना सायकलवर."

"इकडे नाही आले. बघ की." त्यांनी पट्ट्याकडे बोट केलं. रेघा एकीला एक लागून, कुठेही न मोडलेल्या. "मजूर आत गेल्यावर पुन्हा ओढल्यात, पण त्याआधीही अशाच होत्या. त्या टोकाच्या पहारेकऱ्यालाही फोन केला. तिकडचाही पट्टा जसाच्या तसा आहे. मगच मुकादमाला होकार दिला. रुसून बसले असतील कुठे बाजाराकडे."

मी म्हणाले, "आई, आम्ही घरातले कुणीच त्या पट्ट्यावरून जात नाही. सायकल उचलून गवतातून जातो. बाबांनाही काल तेच शिकवलंय."

त्या उठून कडेच्या गवताशी गेल्या. ओलं गवत एका रांगेत दबलं होतं, आणि त्यात बाबांच्या जाड टाचेच्या बुटाचा ठसा सरळ आत गेला होता. परत येणारा ठसा नव्हता.

"फोन लाव मुकादमाला," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

मी त्यांच्याच फोनवरून लावला. फोन वाजला, आमच्या शेजारीच, गाडीच्या सीटवर.

"बस मागे," मी म्हणाले. सासूबाईंना मी आयुष्यात पहिल्यांदा अगंतुगं केलं होतं, आणि आम्हा दोघींपैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. आई दाताळ्यासकट कॅरिअरवर बसल्या. मी दांडा वर ढकलला आणि रेघांवरूनच सायकल घातली. चाक खडीत रुतलं, डगमगलं, सावरलं. सायकलवर कधी न बसलेली बाई माझ्या कमरेला असा विळखा घालून बसली होती की मला श्वास घेता येईना. दाताळ्याचा दांडा झुडपांना खटाखट लागत होता. "टाका ते!" मी ओरडले. त्यांनी टाकलं नाही. त्यांना ऐकूच गेलं नसावं.

"पुलावर बसले असतील ना गं?" त्या मागून विचारत होत्या. "पाणी बघत बसतात ते. बसू देत. देवा, आज बसू दे त्यांना तिथेच."

झाड या फाटकाच्या आणि पुलाच्या मधे होतं. बाबा पुलावर बसून राहिले तर वाचणार होते. परत फिरले असतील, तर त्याच झाडाखालून येणार होते.

एकाएकी करवत थांबली. मला क्षणभर हायसं वाटलं. आई मात्र किंचाळल्या, "हाण! जोरात हाण! कापून झालंय!" आणि लगेच ठोके ऐकू आले. बुंध्यात पाचर ठोकत होते. पाचर बसली की झाड जातं, एवढं या घरात राहून मलाही कळत होतं.

वळण घेतलं आणि झाड दिसलं. मुकादम आणि त्याची माणसं, कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या चढवून, आमच्याकडे पाठ करून उभी होती. मी ब्रेक दाबायच्या आत आईंनी उडी टाकली, गुडघ्यावर आपटल्या, उठल्या आणि पळत सुटल्या. मुकादमाची नजर गेली. त्याने दोन्ही हातांनी त्यांना धरून मागे खेचलं.

"थांबव! आमचे हे आहेत आत!"

"बाई, तुम्हीच म्हणालात ना वाट मोकळी आहे?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हातोडीवाल्याला त्याने खूण केली, तो हातोडी टाकून मागे पळाला. पण बुंधा कुरकुरायला लागला होता. आता त्या झाडाला थांबवणारं कुणी नव्हतं.

आणि पलीकडून बाबा आले. रमतगमत, टोपी कपाळावर, नजर खाली खडीवर. आई ओरडत होत्या, "अहो! अहो!" मी ओरडत होते, मुकादम ओरडत होता. आमचे तिघांचे घसे, आणि त्या माणसाच्या कानात शांतता. आम्ही वाटेत उभे राहून हात हलवत होतो, पण मान वर करतोय कोण? चार पायडलं आणखी मारली असती तर ते झाडाच्या बरोबर खाली आले असते.

पण ते थांबले.

खाली उतरले. पुढच्या खडीकडे बघितलं. झाडाखालच्या तुकड्याचा त्यांच्या बाजूचा भाग अजून विंचरलेला होता. तिथे कामगारांचे पाय लागले नव्हते. बाबांनी वाकून सायकल खांद्यावर घेतली आणि कडेच्या गवतात पाय टाकला. तेव्हा त्यांची मान वर झाली आणि आई दिसल्या. ते हसले. मोकळ्या हाताने खांद्यावरची सायकल दाखवली, की बघ, आज मोडला नाही मी.

मग झाड आमच्या आणि त्यांच्या मधे पडलं.

धूळ आणि पाचोळा इतका उडाला की समोरचा हात दिसेना. आवाज विरला. पलीकडून काहीच येईना. मुकादम "थांबा, फांद्या ताणलेल्या असतात" म्हणत होता, पण आई त्या फांद्यांत घुसल्या होत्या. साडी फाटली, हात ओरबाडले. मी मागोमाग गेले. पलीकडे काय दिसेल ते मला बघायचंच नव्हतं.

बाबा गवतात बसले होते. टोपी उडालेली, गालावर ओरखडा. सायकल शेंड्याच्या फांद्यांखाली सापडून पुढचं चाक पापडासारखं वाकलेलं. ते आईंकडे बघत होते, जरा घाबरूनच. मग स्वतःला ऐकू येत नसलं की माणूस बोलतो तसं मोठ्याने म्हणाले, "अगं, मी नाही हं मोडलं तुझं काम. हे झाडाने केलं."

आई मटकन खाली बसल्या. त्यांनी बाबांची छाती चाचपली, खांदे चाचपले, डोकं चाचपलं, आणि मग त्यांच्या दंडावर बुक्क्या मारायला लागल्या. "आग लागो माझ्या कामाला," त्या रडत म्हणत होत्या. "आग लागो माझ्या तोंडाला." बाबांना काही ऐकू येत नव्हतं. मी पिशवीतून मशीन काढून त्यांच्या कानात बसवलं. आईंनी ते सगळं पुन्हा एकदा म्हटलं.

परत फाटकाशी आलो. माझ्या चाकाने मधूनच उसवलेला पट्टा समोर होता, पण दोन्ही कडांच्या रेघा अजून शाबूत होत्या. बाबा सवयीने गवताकडे वळले. नवी सवय, एका दिवसाची. आईंनी त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना रेघांच्या अगदी मधोमध आणून उभं केलं.

"इथून चला," त्या म्हणाल्या. "पाय आपटत चला. मला दिसलं पाहिजे."

बाबा चालले. आई त्यांच्या मागून आल्या, एकेका ठशाकडे बघत. वाटेत पुन्हा उचललेलं दाताळं हातात होतं, पण त्या दिवशी त्यांनी तो पट्टा पुन्हा विंचरला नाही.