हातानं धरलेली झील

एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारीक स्कॅन. ती फिल्म उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, “दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया आहे. भरती व्हा.” वाशीमकडच्या मालेगावजवळ माझ्या मळ्यात वांगी तोडायची राहिली होती. मला वाटलं, आता संपलंच.

वाशीमच्या त्या कोविड वॉर्डात सगळे म्हातारेच. घरच्या माणसाला आत येऊ देत नव्हते. शेजारच्या खाटेवर केनवडचे तायडे गुरुजी, तोंड भिंतीकडे. दोन दिवस ते जेवले नाहीत. गावात भीमगीतं तेच म्हणत, हे नर्सकडून कळलं. मी चाळीस वर्षं भजनातला झीलकरी. पुढच्यानं ओळ म्हणायची, मागच्यांनी उचलायची, ती झील.

“गुरुजी, म्हना ना काही,” मी म्हणालो.

“मांगं कोनी नसलं तं मले म्हनताच येत नाही.”

“मी हाव ना मांगं.”

त्यांनी ऑक्सिजनचा मास्क खाली ओढून ओळ म्हटली. मीही ओढला आणि झील धरली. समोरच्या खाटांवरचे दोघं-तिघं त्यात मिसळले. त्या संध्याकाळी गुरुजींनी वाटीभर खिचडी खाल्ली आणि मी फुशारून गेलो.

अक्कल गहाण ठेवली होती मी. दुसऱ्या दिवशी सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, आम्हा दोघांचाही घसरला. डॉक्टर चिडले. “गाणं ऐका. मास्क काढून म्हणू नका.” मग गुरुजींची बायको इंदुबाई घरून फोनवर म्हणू लागल्या. झील आम्ही गादीवर तळहात मारून धरायचो.

तीन दिवसांनी गुरुजींना व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्रावर नेलं. ते परत आले नाहीत.

माझी सुटी होताना डॉक्टरांना विचारलं, “आमच्या गान्यानं गेले का?”

“फुफ्फुसं आधीच खराब झाली होती,” ते म्हणाले. “पण मास्क काढायला नको होता.”

दोन्ही वाक्यं मी सोबत घेऊन फिरतो. तुमच्यावर अशी वेळ आली, तर मास्क काढू नका. तळहात पुरतो.

घरी आल्यावर इंदुबाईंना फोन केला. त्या विलगीकरणात एकट्याच होत्या, दाराशी कोणी फिरकत नव्हतं. काय बोलावं सुचेना, म्हणून गुरुजींची ओळ म्हटली. जन्मात पहिल्यांदा पुढं होऊन. पलीकडं ताटलीवर बोटं वाजली.

“भाऊ, तुमी घाई करून राह्यले,” त्या म्हणाल्या. “ते इथं दम घेत.”

मी दम घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.